मण्याचं माप

पाड्यावरच्या माझ्या अंगणवाडीत
वजनाचा काटा आढ्याला टांगलेला असतो.
दिवाळीनंतर तो नुसताच लोंबतो.
पोरं आईबापांमागं खाली गेलेली असतात,
द्राक्षांच्या गावांना.
रजिस्टरात नोव्हेंबरपासून माझंच अक्षर:
स्थलांतरित, स्थलांतरित, स्थलांतरित.
वाढीच्या तक्त्यावरची रेघ तिथं तुटते,
आणि उन्हाळ्यात पुन्हा सुरू होते
ती दोन घरं खाली.

यंदा करीच्या दिवशी मी पेठहून निघाले,
नाशिकला गाडी बदलली, मोहाडीला उतरले.
पिशवीत दंडाची पट्टी, पोषण आहाराची पाच पाकिटं,
नागलीचं पीठ,
तिळाचे लाडू बाराच, गूळ तेवढाच होता.
(पाकिटांचं म्हणाल तर
आमच्या पाड्यावरच्या शेळ्या गुबगुबीत का,
ते मला ठाऊक आहे.)

मांडवाखाली सुगंधा भोये कात्री चालवत होती.
मुकादमाच्या बोटात प्लास्टिकची रिंग,
अठरा मिलिमीटर.
रिंगमधून जो मणी सुटला
तो नापास.

मी रोशनचा दंड हातात घेतला.
खांदा आणि कोपर, बरोबर मधोमध,
पट्टी टेकवायची, आवळायची नाही.
एकशे तेरा मिलिमीटर.
लाल.

एकाच बागेत दोन मापं.
एकाची पेटी जहाजात चढते,
दुसरं माझ्या वहीत.

मग मी सुरू केलं, तोंडपाठच आहे:
ताटात रंग हवेत, वरण घट्ट हवं,
वरून चमचाभर तेल,
थोडं थोडं, दिवसातून पाच वेळा...
ती ऐकत होती. कात्री थांबली नाही.
"ताई," म्हणाली,
"डिसेंबरात आम्ही घड विरळतो.
शंभरातले चाळीस मणी पाडायचे,
मग उरलेले फुगतात.
एवढं मला कळतं.
आमच्यात तोंडं पाच.
त्यातलं कुठलं पाडू?"

प्रशिक्षणाच्या पुस्तकात या पानावर
केळं सोलणारी हसरी आई आहे.

मी तिच्या हाताकडं पाहिलं.
बांगड्या कोपरापर्यंत सरकलेल्या,
अडायला कुठं मांसच नाही.
तिनं पाडलंच होतं एक तोंड. केव्हाच.
सगळ्यांच्या मागून जेवणारं.

का कोण जाणे, पट्टी तिच्याच दंडाला लावली.
पट्टी म्हणाली, हिरवा.
ती मुलांची पट्टी.
आईसाठी तिच्यावर रंगच छापलेला नाही.

संध्याकाळी ताडपत्रीच्या खोपटांपुढं तीन दगड मांडले.
बांधावरच्या शेवग्याचा पाला,
कोणाकडची मूठभर सुकट,
पाकिटातलं पीठ नागलीत कालवून थापलेल्या भाकरी.
शिकवलं काहीच नाही.
एकच अट घातली: आज आया आधी.
बाया हसल्या, पदर तोंडाशी, एकमेकींना कोपरानं ढोसत.
पुरुष उठून पंपाकडं गेले.
सुगंधा पाठ फिरवून जेवली,
चोरून खाल्ल्यासारखी,
पण दोन भाकरी.

मुकादमाशी सकाळी बोलले.
अकराला पाव तास सुट्टी, लेकरांना भरवायला.
त्यानं बोटांवर हिशेब केला:
पोर आजारी, की बाई घरी,
बाई घरी, की तोडणी मागं.
"घ्या पाव तास," म्हणाला.
त्याचा हिशेब त्याच्यापाशी.
पाव तास मी घेतला.

फेब्रुवारीत पुन्हा गेले.
तिथल्या सेविकेला नावं लिहून दिली, फोन नंबर दिला,
पुढच्या वर्षी माझ्या वहीतली रेघ
तिच्या वहीत चालावी म्हणून.
रोशन मला पाहून आईमागं लपला,
मागच्या वेळी तेवढीही ताकद नव्हती.
एकशे सोळा.
पिवळा. कसाबसा.

तीन मिलिमीटर.
मुकादमाच्या रिंगला ते दिसलेही नसते.

वहीत पेन्सिलीनं लिहिलं.
पेन होतं माझ्याकडं.